दाटीत उसळीला वाव नसतो

काचेची गोटी एक मीटरवरून दगडी फरशीवर सोडली आणि ती 81 सेंटिमीटर उसळली, तर आदळतानाच्या वेगाच्या 0.9 पट वेग तिला परत मिळाला. हा 0.9 म्हणजे उसळीचा गुणांक. ओल्या मातीच्या गोळ्याचा गुणांक जवळजवळ शून्य.

दाणे विरळ उडत असतील तर हा आकडा फार महत्त्वाचा. टकरीगणिक थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. गुणांक कमी असला की दाण्यांची धावपळ लवकर मंदावते आणि त्यांचे पुंजके बनू लागतात.

सायलोच्या तोंडातून ज्वारी उतरते तेव्हा मात्र चित्र पालटतं. प्रत्येक दाणा एकाच वेळी अनेक शेजाऱ्यांना टेकलेला असतो. बसलेला धक्का शेजाऱ्यांमध्ये वाटला जाऊन तिथेच जिरतो, उसळायला जागाच नसते. इथे कारभार घर्षणाचा आणि दाण्यांच्या आकाराचा. म्हणूनच सायलोतून धान्य किती वेगाने बाहेर पडेल, हे सांगणाऱ्या बेव्हर्लू यांच्या 1961 च्या सूत्रात तोंडाची रुंदी, दाण्याचा व्यास आणि घनता आहे. उसळीचा गुणांक नाही.

प्रवाह वेगवान होऊन सैलावला किंवा दाणे फारच गुळगुळीत असले, की उसळीचा प्रभाव पुन्हा जाणवू लागतो.