एक डबा ऑईल समुद्रात गेलं तर काय बिघडतं?



"समुद्र एवढा मोठा, एक डबा ऑईलने काय होतंय?" असं जेटीवर नेहमी ऐकू येतं. यात अर्धी गोष्ट खरी आहे.

डिझेल-ऑईल खाणारे जीवाणू समुद्रात खरोखरच असतात. स्वच्छ पाण्यातसुद्धा असतात. तिथलं सूक्ष्म शेवाळ तेलासारखे पदार्थ अगदी थोडे तयार करतं, त्यावर ते तग धरतात. जास्त तेल आलं की त्यांची संख्या वाढते. काम सगळे मिळून करतात. एक जात तेल तोडते, तिचं उरलेलं दुसरी खाते.

2010 साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली. सुमारे 1100 मीटर खोल पाण्यात तेलाचे बारीक थेंब विरळ पसरले. तिथल्या थंड पाण्यातही हे जीवाणू झपाट्याने वाढलेले आढळले.

मग अडचण कुठे? हे काम जलद व्हायला प्राणवायू लागतो, आणि तेल बारीक थेंबांत असावं लागतं. घट्ट गोळ्याला जीवाणू फक्त वरवर कुरतडतात. आपल्या किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे म्हणूनच लवकर संपत नाहीत. उलट तेल फारच विरळ झालं तर जीवाणूंना वाढण्याइतकं खाणं मिळत नाही आणि काम मंदावतं.

1989 साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांखाली, जिथे हवा खेळत नाही, तिथे 12 वर्षांनीही ते सापडलं.

आता आपली जेटी बघा. खाडीतला चिखल काळा आणि कुजक्या वासाचा असतो, म्हणजे आत प्राणवायू नाही. पाणीही संथ. तेल मातीच्या कणांना चिकटून तळाला बसतं आणि तिथेच राहतं. आज थोडं, उद्या थोडं, असा थर साठत जातो. तिसऱ्या आणि कालवं तेच पाणी गाळून खातात, तेल त्यांच्या अंगात जातं. ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या आपल्याच घरच्या बायका. मालाला डिझेलचा वास आला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

साबण टाकून तेल फोडलं तर ते नजरेआड होतं, संपत नाही, वर साबणाचा त्रास माशांच्या पिल्लांना.

म्हणून विनंती: इंजिनचं काळं ऑईल आणि बोटीच्या तळातलं तेलकट पाणी कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर उतरवा, वापरलेलं ऑईल घेणाऱ्यालाच द्या. खलाशांनाही हे सांगा.

— सचिव