दोन भाषांचा मेंदू

मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मेंदूविकारांचा विषय निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मेंदूची शस्त्रक्रिया हे शल्यविशारदांचे क्षेत्र आहे आणि त्यात अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु मेंदूविज्ञानाचा एक प्रांत असा आहे की, तेथे वैद्याला भाषेच्या अभ्यासकाकडे आणि भाषेच्या अभ्यासकाला वैद्याकडे वळावेच लागते. तो प्रांत म्हणजे वाणीचा. मेंदूला इजा झाली म्हणजे भाषेचे काय होते आणि ज्याला एकाहून अधिक भाषा येतात त्याच्या बाबतीत काय घडते, या प्रश्नांवर अलीकडच्या संशोधनाने बराच प्रकाश टाकला आहे.

हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. ज्या लॅमिंग्टन रोडवर आपली शाळा उभी आहे, त्याचे नावच मुंबई इलाख्याच्या एका गव्हर्नरावरून पडलेले. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. भाषा मात्र उंबरठ्याच्या आतबाहेर पूर्वीसारख्याच नांदत राहिल्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी कोकणी किंवा दखनी उर्दू आणि कचेरीच्या कागदावर इंग्रजी, असा आपल्यापैकी अनेकांचा दिवस जातो. अशा माणसाला उतारवयात पक्षाघाताने वा विस्मरणाने गाठले, तर त्याच्या कोणत्या भाषेची हाक मेंदूपर्यंत पोचेल?

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. या रुग्णाला इतरांचे बोलणे पुष्कळसे समजत असे. परंतु स्वतः त्याला ‘तान’ एवढाच उच्चार करता येई. मृत्यूनंतर तपासणी केली असता त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. १८७४ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके याने याहून निराळ्या रुग्णांचे वर्णन केले. ते ओघाने बोलत, पण त्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमजत नसे. त्यांची इजा डाव्याच बाजूला, पण अधिक मागे होती. या विकारांना आपण वाचाघात म्हणतो. येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावयास हवा. जीभ लुळी पडणे वेगळे, शब्द हरवणे वेगळे आणि बुद्धी भ्रमिष्ट होणे त्याहून वेगळे. वाचाघात झालेल्या माणसाला ‘आता त्यांना काही कळत नाही’ म्हणून बाजूस सारणे हा त्याच्यावर मोठाच अन्याय होय.

दोन भाषा जाणणाऱ्यांचे काय होते, याविषयी एकोणिसाव्या शतकातच दोन मते पुढे आली. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये मांडले की, जुन्या स्मृती अधिक टिकाऊ असतात; त्यावरून पहिली भाषा आधी परतेल, असे अनुमान निघाले. पित्र या वैद्याने १८९५ मध्ये सांगितले की, जी भाषा आजारापूर्वी अधिक वापरात होती ती आधी परतते. पुढील शतकभरात दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळले. कोणाच्या दोन्ही भाषा बरोबरीने परतल्या, कोणाची एकच परतली. तात्पर्य, दोहोंपैकी कोणताही नियम सर्वांना लागू पडत नाही. प्रत्येक रुग्णाची प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासावी लागते.

मेंदूशल्यचिकित्सेतही हाच अनुभव आला. भाषेच्या केंद्राजवळ गाठ असेल, तर ती काढताना रुग्णाची वाचाच जाण्याचा धोका असतो. यासाठी काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागे ठेवून केल्या जातात. हे ऐकून अंगावर काटा येतो. परंतु मेंदूच्या गाभ्याला वेदनेची जाणीव नसते आणि डोक्याची त्वचा औषधाने बधिर केलेली असते. रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. त्याच वेळी शल्यविशारद मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका ठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श करतो. ज्या ठिकाणी स्पर्श होताच रुग्णाला नाव सुचेनासे होते, ते ठिकाण राखून ठेवावयाचे. माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत विकसित केली. १९७८ मध्ये अमेरिकेतील ओजमन आणि व्हिटेकर यांनी दोन द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूचा असा नकाशा प्रसिद्ध केला. काही ठिकाणी स्पर्श केला असता दोन्ही भाषा अडखळत होत्या, तर काही ठिकाणी एकच. म्हणजे मेंदूत भाषांच्या वेगवेगळ्या खोल्या नाहीत आणि सारे एकाच पोत्यात भरलेले आहे असेही नाही. एकाच वाड्यात नांदणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखे ते आहे. अंगण सामाईक आहे, पण काही कोपरे आपापले.

यातून व्यवहारातील एक गोष्ट निघते. समजा, रुग्णापुढे अडकित्त्याचे चित्र ठेवले. त्याची कन्नड तपासली आणि मराठी तपासली नाही, तर नकाशा अर्धाच राहिला. अडकित्ता हा शब्दच आपल्याकडे कन्नडातून आला हे खरे. पण मेंदू व्युत्पत्ती पाहत नाही, तो वापर पाहतो.

आता विस्मरणाच्या विकाराकडे, म्हणजे स्मृतिभ्रंशाकडे वळू. २००७ साली कॅनडातील टोरोंटो येथील संशोधकांनी नमूद केले की, द्विभाषिक रुग्णांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसली. त्यावर आक्षेप आला की, तेथील बहुतेक द्विभाषिक लोक परदेशातून येऊन स्थायिक झालेले होते. तेव्हा हा गुण भाषेचा की स्थलांतराचा? या आक्षेपाचे उत्तर मिळाले ते आपल्या दख्खनमध्ये. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांची माहिती तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९१ जण दोन वा अधिक भाषा बोलणारे होते. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा भाषांत ते त्याच मातीत वाढलेले होते. त्यांच्यात विकाराची सुरुवात एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली. विशेष असे की, निरक्षर द्विभाषिकांतही हा फरक दिसला. म्हणजे श्रेय केवळ शाळेला देता येत नाही. बाजारात आणि शेजारात कमावलेली भाषाही मोलाची ठरते. दोनांवर तिसरी भाषा आल्याने मात्र या अभ्यासात अधिक लाभ दिसला नाही.

२०१६ मध्ये हैदराबादच्याच ६०८ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

याचे कारण असे सांगतात की, दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात त्या दोन्ही सतत जाग्या असतात. एक बोलताना दुसरीला आवरावे लागते. हा संयम जन्मभर चालतो आणि त्यातून मेंदूजवळ काही शिल्लक साठते. ही शिल्लक आजार टाळत नाही. तो आल्यावर काही काळ तग धरू देते. येथे सावधगिरीही हवी. निरोगी माणसांना वर्षानुवर्षे पाहत राहणाऱ्या काही अभ्यासांत असा लाभ आढळलेला नाही आणि विद्वानांत याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या भाषेला रामबाण औषध मानू नये; परंतु ती मेंदूवरचे ओझे आहे, ही समजूत तरी सोडून द्यावी. मुलाला शाळेची भाषा चांगली यावी म्हणून घरची भाषा बंद करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

नव्या तंत्राचे एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात तारुण्यातच पक्षाघाताने वाचा गेलेल्या, स्पॅनिश आणि इंग्रजी जाणणाऱ्या एका माणसाच्या मेंदूवर सूक्ष्म विद्युत्-जाळी बसवण्यात आली. तो जे बोलू पाहतो त्याचे मेंदूतील संकेत संगणक वाचतो आणि शब्द पडद्यावर उमटवतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही भाषांतील शब्द ओळखले गेले आणि एका भाषेसाठी यंत्राला दिलेले शिक्षण दुसरीलाही उपयोगी पडले. एक भाषा दुसरीची जागा बळकावत नाही, हे यातूनही दिसते.

परंतु हे संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचते का? स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी प्रश्न विचारावे लागतात आणि प्रश्न कोणत्या तरी भाषेतच विचारले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी कसोट्यांचा संच तयार झाला. त्यावरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या; मराठी नव्हती. जन्मभर मराठीत घर चालवलेल्या आणि कन्नड केवळ भाजीपाला घेण्यापुरती बोलणाऱ्या आजीबाईंना कन्नड प्रश्नांवर गुण कमी पडले, तर तो दोष स्मृतीचा की भाषेचा, हे वैद्याला कसे समजावे?

म्हणून आपल्या हाती असलेल्या काही गोष्टी सांगतो. वृद्धाला मेंदूविकाराच्या वैद्याकडे नेताना त्याची घरची भाषा बोलणारे माणूस सोबत असावे. त्याला कोणत्या भाषा येतात, कोणती केव्हा शिकला, हिशेब कोणत्या भाषेत करी, देवाचे नाव कोणत्या भाषेत घेई, हे विचारण्याआधीच सांगावे. वाचाघात झालेल्याला एका भाषेत उत्तर देता आले नाही, तर दुसरीत विचारून पाहावे. आणि चालत्या बोलत्या माणसाचे शब्द एकाएकी अडखळले, चुकीचे येऊ लागले, तोंड वाकडे झाले किंवा हात गळून पडला, तर ‘जरा पडू द्या, बरे वाटेल’ असे म्हणून वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचे चित्रण करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. काही निवडक रुग्णांत गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो. पण तो कोणाला लागू पडेल हे तज्ज्ञच ठरवू शकतात. लक्षण नेमके किती वाजता दिसले, ते लिहून ठेवावे.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत अनेक वैद्य असतील, शिक्षक तर निश्चितच असतील. मराठी आणि कन्नड दोन्ही अंगवळणी पडलेल्यांनी जवळच्या रुग्णालयात जाऊन आठवड्यातील एखादा तास रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये दुभाष्याचे काम केले, तर ती फार मोठी सेवा ठरेल. ज्याच्या नावे हे व्याख्यान होते त्या शिक्षकाचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग मला तरी दिसत नाही.