‘ही सेड मी’ का चालत नाही?

‘से’ काय नि ‘टेल’ काय, दोन्हींचा अर्थ सांगणे. मग कुठलंही वापरा, असा समज सर्रास आढळतो. अर्थ जवळचे आहेत हे खरं. पण इंग्रजीत क्रियापद निवडताना पुढे काय येणार, हेही पाहावं लागतं. ‘टेल’नंतर सहसा ऐकणारा लागलीच येतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’नंतर तो थेट येत नाही, मध्ये ‘टु’ लागतं. मराठीत ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितलं’ ही दोन्ही वाक्यं सारखीच चालतात, म्हणून ‘ही सेड मी’ आपल्या तोंडून सहज निसटतं. खरं किंवा खोटं बोलणं मात्र ‘टेल’कडेच, मग ऐकणारा वाक्यात असो वा नसो.

दुसरा समज अधिक गमतीचा. इंग्रजीत पाहण्याला ‘सी’, ‘लुक’, ‘वॉच’ असे तीन शब्द. मराठीत एवढे बारकावे कुठले! अहो, आहेत की. ‘बघितलं, पण काही दिसलं नाही’ यातलं बघणं म्हणजे ‘लुक’ आणि दिसणं म्हणजे ‘सी’. ऐकू येणं ‘हिअर’, कान देऊन ऐकणं ‘लिसन’. वहीत तिन्हींपुढे ‘पाहणे’ एवढंच लिहून घेतल्यावर हा घरचा भेद वापरायचं कुणाला सुचणार? अर्थात मराठी शेवटपर्यंत साथ देत नाही. ‘मला दिसतंय’चं ‘आय ॲम सीइंग’ करू नये. तिथे ‘आय कॅन सी’. आणि ‘वॉच’ फक्त हलत्या गोष्टींसाठी, हा शिकवणीतला नियमही अर्धाच आहे. स्टेशनवर ‘वॉच माय बॅग’ म्हणतात तेव्हा बॅग जागची हललेली नसते. लक्ष ठेवायचं असतं, एवढंच. सिनेमा तर थिएटरात पाहिला की ‘सी’सुद्धा चालतं.

‘मेक’ म्हणजे बनवणे आणि ‘डू’ म्हणजे करणे, हे सूत्र स्वयंपाकघरापुरतं ठीक. आपण चूक करतो, फोन करतो, प्रयत्न करतो. इंग्रजीत या तिन्हींना ‘मेक’. गृहपाठाला मात्र ‘डू’. इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नये, जोड्याच पाठ कराव्यात.

शब्दकोश फक्त अर्थासाठी असतो, हाही गैरसमजच. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह खास शिकणाऱ्यांसाठी कोश केला. तो १९४२मध्ये तिथेच छापला गेला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने काढला. क्रियापद कोणत्या साच्याच्या वाक्यात बसतं, हे त्यात दाखवलं होतं. आजच्या अशा कोशांतही अर्थाखालची उदाहरणं वाचावीत. आपण दार बंद करतो तसाच दिवाही बंद करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’ म्हणून मोकळे होतो. ‘क्लोज’खालच्या उदाहरणांत दार, खिडकी, डोळे, दुकान सापडेल, दिव्यासाठी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ पाहावं लागेल.