चौकट : बाळापूर, दोन नद्यांच्या काठाने

अकोल्याहून खामगावच्या वाटेवर साधारण 25 किलोमीटरवर बाळापूर लागतं. इथे मन आणि म्हैस या नद्या एकत्र येतात आणि त्यांच्या बेचक्यात किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने तो बांधायला घेतला, पण पुरा केला एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने, 1757 मध्ये. तट विटांचे. जवळ जाऊन विटांचे थर बघाच. वऱ्हाडात असं काम क्वचित दिसतं. पायथ्याशी बाळादेवीचं मंदिर आहे. गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं सांगतात.

नदीकाठीच मिर्झाराजे जयसिंहांची छत्री आहे. 1665 चा पुरंदरचा तह घडवणारे ते हेच. 1667 मध्ये त्यांचं निधन झालं ते मात्र बऱ्हाणपुरात. छत्रीचे खांब आणि कमानी थेट राजपुतान्याच्या वळणाच्या. माझ्या मते किल्ल्याआधी हीच पाहावी.

चढ फारसा नाही, आजी-आजोबांनाही जमेल. उन्हाळ्यात आठच्या आत उरकावं. वऱ्हाडी ऊन पुढे उभं राहू देत नाही. पावसाळ्यात पूर असेल तर काठाला जाऊच नये. पाण्याची बाटली सोबत हवीच.