तीन चाकें आणि एक लायसन

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता पेरणे फाट्यापुढें भीमेवरील पूल ओलांडून कोरेगांव भीमा या गांवांत शिरतो. पुढें सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव असा कारखान्यांचा पट्टा लागतो. या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभें राहिलें, तर तीन चाकांच्या वाहनांचे किती प्रकार आहेत हें सहज ध्यानांत येतें. उतारू नेणारी रिक्षा, भाजीपाल्याच्या पेट्या लादलेला तीनचाकी टेंपो, आवाज न करतां सरकणारी विजेची रिक्षा, आणि मधूनच एखाद्या अपंग गृहस्थाची, मागें दोन जादा चाकें लावलेली स्कूटर. पुणें जिल्ह्याला हें वाहन परकें नाहीं. आकुर्डीस बजाजच्या कारखान्यांत पूर्वी रिक्षा तयार होत. बारामतीस पियाजिओच्या कारखान्यांत तीनचाकी गाड्या आजहि तयार होतात. परंतु हीं सारीं वाहनें एकाच लायसनवर हांकतां येतात काय, असें विचारलें तर शहरांतील सुशिक्षित मनुष्यहि क्षणभर घोटाळतो.

घोटाळ्याचें एक कारण भाषेंत आहे. सरकारी मराठींत लायसनला ‘अनुज्ञप्ति’ म्हणतात व परमिटला ‘परवाना’. लोक मात्र दोहोंनाहि परवानाच म्हणतात. लायसन मनुष्याचें असतें. अमक्याला अमुक जातीचें वाहन हांकतां येतें, एवढेंच तें सांगतें. परमिट वाहनाचें असतें. तें वाहन भाड्यानें कोठें व कसें चालवावयाचें, हें त्यांत ठरलेलें असतें. रिक्षावाल्याच्या छातीवरचा बिल्ला ही आणखी तिसरी गोष्ट. ज्याच्याजवळ एक आहे त्याला उरलेल्या दोहोंची गरज नाहीं, अशी समजूत करून घेणें महागांत पडतें.

सध्यांचा मोटार वाहन कायदा 1988 सालचा; तो 1 जुलै 1989 पासून अमलांत आला. त्यापूर्वी 1939 चा कायदा होता. या कायद्याची मौज अशी कीं, लायसनचे वर्ग ठरवितांना तो नुसतीं चाकें मोजीत बसत नाहीं. साइडकारचेंच पाहा. ‘शोले’ या 1975 सालच्या चित्रपटामुळें ही जोडगाडी घरोघरीं माहीत झाली. तिला चाकें तीन. पण कायद्यानें मोटारसायकलची जी व्याख्या केली आहे तींतच ‘जादा चाकाची, सुटी करतां येणारी साइडकार’ अंतर्भूत आहे. म्हणून गिअरच्या मोटारसायकलचें लायसन असलें कीं साइडकारसाठीं निराळें लायसन लागत नाहीं. साइडकार जोडल्यानें गाडीचें रूप बदलतें; तो बदल नोंदणींत दाखल करून घेणें मात्र आवश्यक. वास्तविक साइडकार हांकण्याची विद्या निराळीच आहे. एकटी मोटारसायकल वळणावर कलते, जोडगाडीला कलतां येत नाहीं. आणि साइडकार डावीकडे असली म्हणजे डाव्या वळणावर वेग जास्त झाल्यास तिचें चाक उचलूं लागतें. कायदा याची निराळी परीक्षा घेत नाहीं, हें उणेंच म्हणावें लागेल.

इंग्लंडांत हाच विचार थोडा पुढें नेला होता. तेथें तीन चाकांची हलकी, बंदिस्त मोटारसुद्धां मोटारसायकलच्या लायसनवर हांकतां येत असे. त्यामुळें रिलायंटसारख्या गाड्या पुष्कळ खपल्या, आणि इसेटा या चिमुकल्या मोटारीचें मागें एकच चाक असलेलें रूपहि तेथें निघालें. आपल्याकडे तशी सवलत नाहीं. बंगळूरला 1970 नंतरच्या दशकांत ‘बादल’ नांवाची तीनचाकी मोटार निघाली होती. ती दोन चाकांचें वाहन नव्हे, म्हणून मोटारसायकलहि नव्हे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं 1949 सालीं ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला. ती बाजारांत येऊं शकली नाहीं. पुढें बजाजची ‘क्यूट’ ही चार चाकांची लहान गाडी निघाली. अशा गाड्यांसाठीं ‘क्वाड्रिसायकल’ असा स्वतंत्र वर्ग करण्यांत आला, आणि 2018 च्या नोव्हेंबरांत खासगी वापरासहि मोकळीक मिळाली. गाडी केवढीहि चिमुकली असो, मोटारसायकलच्या लायसनवर ती हांकणें म्हणजे विनालायसन हांकणेंच होय.

आतां रिक्षा आणि टेंपो. ज्यांचें वजन 7,500 किलोपर्यंत आहे तीं हलकीं मोटार वाहनें. रिक्षा त्यांत बसते. पण भाड्यानें उतारू नेते म्हणून ती ‘वाहतुकीचें वाहन’हि ठरते. खासगी मोटार 18 व्या वर्षीं हांकतां येते. वाहतुकीच्या वाहनास वयाचीं 20 वर्षें पुरीं व्हावीं लागतात. खरा तंटा माजला तो अपघातानंतर. चालकाजवळ लायसन हलक्या वाहनाचें, वाहन मात्र वाहतुकीचें. मग विमा कंपनी म्हणणार, हें लायसन योग्य नव्हे, भरपाईचा भार मालकानें सोसावा. ज्या कुटुंबाची एकच गाडी हें सारें भांडवल, त्याला असा निकाल म्हणजे घरावर नांगरच. सर्वोच्च न्यायालयानें 2017 सालीं मुकुंद देवांगन यांच्या प्रकरणांत, आणि पुन्हा 6 नोव्हेंबर 2024 रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें, असें ठरविलें कीं 7,500 किलोच्या आंतील वाहतुकीच्या वाहनास हलक्या वाहनाचें लायसन पुरें. निराळी नोंद नको. यामुळें मालकांचा मोठा घोर गेला. परमिटची अट मात्र जशीच्या तशी उभी आहे.

विजेची रिक्षा या निकालांतहि वेगळीच राहिली. तिच्यासाठीं 2014 व 2015 सालीं स्वतंत्र तरतुदी झाल्या. चालकाला किमान दहा दिवसांचें शिक्षण सक्तीचें केलें. ज्याला लायसन नाहीं त्याच्या हातीं गाडी देणाऱ्या मालकासहि तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यांत आहे. दंड हांकणारालाच होतो, हा समज चुकीचा आहे.

राहिली अपंग गृहस्थाची स्कूटर. तिच्या वर्गास पूर्वी कायद्यांत ‘अपंगांची गाडी’ अशा अर्थाचें नांव होतें. 2019 च्या दुरुस्तीनें तें जाऊन ‘अनुकूलित वाहन’ असें नांव आलें. तिचें लायसन निराळ्या वर्गाचें असतें, आणि त्या वर्गांत तीच मोडते जी अपंग व्यक्तीच्याच उपयोगाची आहे. गल्लींतील कारागिराकडून चाकें जोडून घेतलीं आणि नोंदणीच्या पुस्तकांत तो बदल चढविला नाहीं, तर लायसन बरोबर असूनहि गाडी बेकायदा ठरते.