गाल ओघळले, म्हणून काय झालं?

पुतणीच्या साखरपुड्याचा अल्बम घरी आला आणि वन्सं दुसऱ्याच पानावर थबकल्या. "अगं, तुझे गाल किती ओघळलेत! माझ्याहून मोठी दिसतेस की!"

मी हसण्यावारी नेलं, पण रात्री आरशासमोर उभी राहिलेच. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याची रेघ मोडून कातडी खाली आली होती. वय ५३, लेकाचं लग्न दीड महिन्यावर आणि भिशीचे ४० हजार नुकतेच हातात आलेले. दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवरचं एक पार्लर गाठलं.

"दोरे घालून गाल वर ओढून देतो, काकू. सूनबाईची मोठी बहीण वाटाल!"

ॲडव्हान्स काढता काढता सहज विचारलं, "पण दोरे घालणार कोण?"

"रविवारी डॉक्टर येतात."

"कुठले? नाव काय?"

मुलगी नुसतीच हसली. मी पर्स बंद केली.

मग गेले त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि हातात आरसा दिला. कातडी मागे सरकली आणि चेहरा एकदम लहान दिसला. "ऑपरेशननं साधारण एवढा फरक पडेल. मशीननं याहून बराच कमी," त्या म्हणाल्या.

त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन वयानुसार कमी होतं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत तर ते सुमारे ३० टक्के घटतं. त्यात ऊन लागतं, गालाची चरबी खाली सरकते, जबड्याचं हाड झिजतं. म्हणून क्रीमनं किंवा मसाजनं ओघळलेला गाल वर जात नाही. सनस्क्रीननं पुढचं नुकसान कमी होतं, एवढंच.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा आहे. रेडिओफ्रीक्वेन्सीत आतल्या थराला उष्णता देतात, 'हायफू'त ध्वनिलहरी खोलवर एकवटतात. दोन्हींनी नवं कोलॅजन तयार होतं. कातडी थोडीच सैल असेल तर उपयोग; फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. विरघळणाऱ्या दोऱ्यांचा परिणाम लगेच दिसतो, पण बहुधा वर्षभरात ओसरतो. कधी खळगे पडतात, कधी जंतुसंसर्ग होतो. फिलरच्या इंजेक्शननं जबड्याची रेघ भरून निघते. मात्र ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. फारच ओघळलं असेल तर फेसलिफ्टचं ऑपरेशन. ते बरीच वर्षं टिकतं, पण कानाशी व्रण राहतो आणि पूर्ण सावरायला काही आठवडे जातात. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगायलाच हवं. मिश्रीची सवयही लपवू नका. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो.

खर्चाचंही बघा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचाराला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही आणि वर जीएसटी लागतो. डॉक्टर त्वचारोगात एमडी आहेत का, प्लास्टिक सर्जन असतील तर एमसीएच आहेत का, हे विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा. विचारायला संकोच कसला? भाजीसुद्धा आपण निवडूनच घेतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आजकालचं फॅड. तसं नाही हं. शूर्पणखेचं नाक इथं कापलं म्हणून आपलं नाशिक, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाक जोडण्याची खरी गोष्ट मात्र पुण्याकडची आहे. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत नाक गमावून बसला. पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये ही हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून पुढं तिथल्या सर्जननं तसं ऑपरेशन केलं. कावसजीला लोकांत तोंड दाखवायचं होतं. माझं तसं काही अडलं नव्हतं, हौस होती. हौस करणं पाप नाही, पण ती डोळे उघडे ठेवून करावी.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डावीकडचे दात कधी काढलेत?"

चार वर्षं झाली होती. तेव्हा लेकाच्या फीचे दिवस होते, दात बसवणं राहूनच गेलं. जेवण एकाच बाजूनं चालायचं. दात गेले की त्याखालचं हाड झिजतं आणि गालाचा आधार कमी होतो, हे त्या दिवशी कळलं. "लग्नाच्या तोंडावर चेहऱ्यावर पहिला प्रयोग नको. आधी दात बघा," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

भिशीचे पैसे दातांच्या ब्रिजला गेले. लग्नाच्या फोटोत गाल ओघळलेलेच आहेत, पण तोंड भरून हसतेय. आणि मांडव उतरल्यावर सगळ्याजणी चिवडा खात बसलो, तेव्हा चार वर्षांनी मी डाव्या बाजूनं शेंगदाणा चावला.

हायफूचं बघू नंतर. पुढच्या भिशीत!