गठ्ठा सोडल्यावर वहीत काय लिहायचे?

५२ मधून २७ वजा करून ३५ उत्तर लिहिणारी मुले तिसरी-चौथीच्या शिक्षकांना चांगली ओळखीची असतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढते. प्रत्येक अंक त्याला सुटा दिसतो, पाचामागचे पन्नास दिसत नाहीत. त्याच मुलाला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन सत्तावीस मागितल्या, तर ते एक गठ्ठा सोडते. दशक मोडणे म्हणजे काय, ते हाताला कळते. कृतीतून गणित शिकवावे या आग्रहामागे हेच कारण आहे. तरीही काड्या वाटल्या की वजाबाकी आली, असे मानणे घाईचे ठरेल. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले, पण तशीच आकडेमोड कागदावर दिल्यावर ३७ टक्केच. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचे संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले, त्यात उलट बाजूही दिसली. काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलेला बाजारातला हिशेब, विक्रीचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्का मुलांना जमला. हाताचे गणित आणि वहीचे गणित आपोआप एकमेकांना भेटत नाहीत. त्यांची गाठ शिक्षकालाच घालून द्यावी लागते: गठ्ठा सुटला त्याच क्षणी पाच खोडून चार लिहायचा, दोनाचे बारा करायचे आणि विचारायचे, ‘हे दहा आले कुठून?’ मुलाने आपल्या शब्दांत उत्तर दिले की काड्या बाजूला ठेवाव्यात. नेमकी हीच पायरी अनेकदा राहून जाते. तास मजेत जातो आणि वही कोरी राहते.

यावर शिक्षकांची हरकत खरी आहे: चाळीस-पन्नास मुले, संपवायचा अभ्यासक्रम. पण न समजलेली हातच्याची वजाबाकी चौथीत, पाचवीत पुन्हा शिकवावी लागते. त्या तासांचा हिशेब कुणी मांडत नाही. पाढे आणि सराव यांनाही पर्याय नाही, कारण सात आठे छप्पन्न चटकन आठवले तरच डोके पुढच्या विचाराला मोकळे राहते. फक्त सराव समजुतीनंतर हवा. काड्या आणि चिंचोके जवळपास फुकट मिळतात. खरी अडचण परीक्षेची आहे. निव्वळ उत्तराला गुण मिळत असतील, तर शिक्षकाने कारण विचारण्यात वेळ का घालवावा? ५२ वजा २७ बरोबर ३५ असे छापून ‘यात काय चुकले, ते लिहा’ हा प्रश्न चौथीच्या प्रश्नपत्रिकेत यायला हवा, आणि त्याला उत्तराइतकेच गुण हवेत.